"मॅडम, मीटर 31 दाखवतोय, आता काय करू?"

हा मेसेज मला रात्री पावणेदोनला आला होता. पाठवणारी माझ्याकडे भीतीवरच्या उपचारासाठी येणारी, चार वर्षांच्या मुलीची आई (ओळख पटेल असं सगळं बदललंय). मागच्या थंडीत लेकीला फ्लू झाला, ताप उतरेना, ऍडमिट करावं लागलं, पोरगी बरी होऊन घरी आली पण आईची झोप उडाली ती उडालीच. त्यात तिच्या वाचनात आलं की कोरड्या हवेत फ्लूचा व्हायरस जास्त टिकतो. झालं. घरात हवेतला ओलावा टक्क्यांत दाखवणारे तीन आर्द्रता मीटर आले, हवा दमट करणारा ह्युमिडिफायर आला, दर अर्ध्या तासाला आकडा बघायचा, रात्री अलार्म लावून उठायचं आणि नवऱ्याने खिडकी उघडली की भांडण.

पहिल्या भेटीत मी म्हणाले, "अहो एवढं काही नसतं, टेन्शन घेऊ नका." चुकलंच माझं. तिने लगेच फोनवर एक अभ्यास काढून समोर धरला, आणि तो अभ्यास खरा होता! खऱ्या गोष्टीला खोटं म्हणून कुणाची भीती जात नाही, उलट तो माणूस आणखी एकटा पडतो. म्हणून पुढच्या वेळी मी नीट वाचून गेले आणि आम्ही दोघींनी मिळून ते समजून घेतलं.

2013 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एका बंद खोलीत खोकणारा पुतळा ठेवला, त्याच्या खोकल्यातून फ्लूचे व्हायरस सोडले आणि तासभर हवा गोळा केली. आर्द्रता 23 टक्के किंवा कमी असताना 70 ते 77 टक्के व्हायरस संसर्ग करू शकतील असे उरले, 43 टक्के किंवा वर गेली की साधारण 15 ते 22 टक्के. थंडीत घरातली हवा कोरडी का होते तेही सोपं आहे, बाहेरच्या शून्य डिग्रीच्या हवेत मुळातच पाणी कमी असतं, गरम हवेत जास्त पाणी मावतं, म्हणून तीच हवा घरात 20 डिग्रीला तापवली की बाहेर 100 टक्के असलेली आर्द्रता आत 26 च्या आसपास येते. शिवाय कोरड्या हवेत थेंब पटकन सुकून बारीक होतात आणि जास्त वेळ तरंगतात, आपल्या नाका-घशातला चिकट थरही नीट काम करत नाही. म्हणजे तिची भीती हवेतून आलेली नव्हती.

पण मग मी तिला विचारलं, 43 च्या वर काय उरलं? 15 ते 22 टक्के. शून्य नाही ना? आणि पुतळ्याच्या खोलीत तासाचा हिशोब होता, तुमची लेक तर खोकणाऱ्या मुलाच्या शेजारी बसते, तिथे व्हायरसला पोचायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात हवा त्याचं काय बिघडवणार? हे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. पुढचं तर आणखी गुंतागुंतीचं आहे. मधल्या आर्द्रतेत थेंब आटतो पण सुकत नाही, त्यात मीठ दाट होतं आणि व्हायरसचं नुकसान होतं असं मानतात, खूप कोरड्यात मिठाचे खडे बनतात आणि तो वाचतो, अगदी 100 च्या जवळ थेंब पातळच राहतो म्हणून परत टिकतो. आणि 2018 च्या एका अभ्यासात श्वसनमार्गातला स्राव मिसळल्यावर तर व्हायरस सगळ्याच आर्द्रतांना तासभर जवळपास सारखाच टिकला. उष्ण प्रदेशात फ्लू ऐन पावसाळ्यातही वाढतो ना, मग 43 च्या वरचा आकडा म्हणजे काही कवच नाही.

याच बोलण्यात तिने सहज सांगितलं की ती ह्युमिडिफायरच्या पाण्यात जंतुनाशक टाकते. मी हादरलेच. दक्षिण कोरियात अशाच जंतुनाशकांच्या वाफेने लहान मुलांची, गरोदर बायकांची फुफ्फुसं खराब झाली, मृत्यू झाले, 2011 मध्ये कारण कळलं तेव्हा ती उत्पादनं बंद करायला लागली. लेकीच्या काळजीपोटीच ती हे करत होती! ते त्याच दिवशी बंद केलं. आर्द्रता 70 वर नेल्याने भिंतीला बुरशीही धरली होती.

मग आम्ही ठरवलं, मीटर एकच ठेवायचा, सकाळी आठ आणि संध्याकाळी सात एवढंच बघायचं, 40 ते 60 मध्ये असलं तर उत्तम, थोडं खाली असलं तरी उठायचं नाही. मध्ये बघावंसं वाटलं की वेळ लिहायची आणि दहा मिनिटं थांबायचं, मग वीस, मग तास. घाबरणं वाढतं, टोकाला जातं आणि न बघताही उतरतं हे तिला स्वतःच्या अंगावर अनुभवायचं होतं, माझ्या सांगण्यावरून नाही. खिडकी रोज थोडा वेळ उघडायची, लेकीच्या डॉक्टरांना विचारून दरवर्षीची फ्लूची लस घ्यायची. आणि रात्रीच्या मेसेजला मी उत्तर देणार नाही हेही स्पष्ट बोलले, कारण त्या पावणेदोनला मी "31 चालेल" असं लिहिलं होतं आणि दुसऱ्या रात्री 29 चा मेसेज आला. मीच तिचा चौथा मीटर झाले होते. नवऱ्यालाही तेच सांगितलं, तिने आकडा विचारला तर प्रेमाने जवळ बसायचं पण उत्तर द्यायचं नाही.

पहिले दोन आठवडे फार कठीण गेले, ती रडलीही. दहाव्या आठवड्यात लेकीला परत ताप आला. सकाळीच डॉक्टरांना फोन केला, दाखवून आणलं, मास्क लावून जवळ बसले असं तिने सांगितलं. मी मीटरचं विचारलं नव्हतं, तीच म्हणाली, "सातला बघितला, 36 होता, मग लेकीला औषध देऊन झोपले."

किती वेळ, मी विचारलं.

"सलग पाच तास."