सोलापुरातल्या आमच्या निमंत्रित फुटबॉल स्पर्धेच्या पत्रिकेत ‘देशातली सर्वांत जुनी स्पर्धा मुंबईचा रोव्हर्स कप’ असं लिहिलं तर चालेल का?

नाही, तो मान ड्युरँड कपचा आहे. १८८८ साली शिमल्याजवळच्या दगशाईत तो सुरू झाला. रोव्हर्सची पहिली स्पर्धा १८९१ ची, पण महाराष्ट्राच्या फुटबॉलमध्ये तिच्याइतकं वजन दुसऱ्या स्पर्धेला क्वचितच लाभलं असेल. शाळेच्या मुलांना खेळाचा इतिहास सांगताना मी विजेत्यांची यादीच समोर ठेवतो, कारण सगळी गोष्ट तिच्यातच दिसते. सुरुवातीला नावं गोऱ्या पलटणींची. १९२३ मध्ये कोलकात्याचा मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत पोचला आणि हरला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सनी कप जिंकला, भारतीय संघाचं ते पहिलंच विजेतेपद, आणि पुढच्या वर्षी तो राखलाही. मग १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस! प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. हा संघ पत्रिकेत जरूर घ्या. सोलापूरला मुंबईपेक्षा हैदराबादच जवळ, आपल्या पोरांना ते नाव माहीत असायलाच हवं.

एक काळजी मात्र घ्या: ‘आजही चालू असलेली’ असं लिहू नका. मुंबईच्या कूपरेज मैदानावर गाजलेली ही स्पर्धा २०००-०१ च्या हंगामानंतर थांबली. ‘१८९१ पासून मुंबईत खेळला गेलेला, देशातल्या सर्वांत जुन्या चषकांपैकी एक’ एवढं लिहिलंत तर बिनचूक.