इम्प्लांट काढले, आता कुठल्या टेस्ट करू?

ब्रेस्ट इम्प्लांट काढून टाकलेल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा हा प्रश्न हमखास असतो, आणि विचारताना आवाज एकदम खाली जातो. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, पण मीनलची गोष्ट सांगते (नाव बदललंय, तिला विचारूनच लिहितेय).

२०१२ मध्ये, दुसऱ्या बाळानंतर तिने सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले. नवरा सोडून घरात कुणालाच माहीत नाही. दहा वर्षांनी एमआरआयमध्ये डावा इम्प्लांट आतल्या आत फाटलेला निघाला, त्रास काहीच नव्हता, पण दोन्ही काढले. माझ्याकडे आली ती त्यानंतर दहा महिन्यांनी, निळी प्लास्टिकची फाईल घेऊन. फुल बॉडी पॅकेज दोनदा, थायरॉईड तीनदा, एएनए (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलीय का ते बघणारी रक्ततपासणी), केसांतले जड धातू, आणि एका लॅबने तर रक्तातलं सिलिकॉन मोजून देतो म्हणून पैसे घेतलेले. त्या आकड्याचा नेमका अर्थ कुणालाच सांगता येत नाही, अशी टेस्ट बाईच्या भीतीवर विकली जाते याचा मला खरंच राग येतो. बाकी सगळं नॉर्मल, तरी झोप नाही.

बोलताना तिचा उजवा हात सारखा डाव्या काखेत जात होता. विचारलं तर म्हणाली, "गाठ आहे मॅडम तिथे." सोनोग्राफी केली होती, रिपोर्टमध्ये टीबी किंवा कॅन्सर नाही ना ते बघा असं लिहिलेलं, आणि तेव्हापासून ती दिवसातून वीसवीस वेळा दाबून बघायची, म्हणजे दुखणारच ना ती जागा. मी विचारलं, सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना इम्प्लांटचं सांगितलं होतंस? गप्प. मग म्हणाली, सासूबाई सोबत होत्या. फॉर्मवर पूर्वीचं ऑपरेशन म्हणून फक्त सिझेरियन लिहिलेलं.

इथेच सगळं अडलं होतं. फाटलेल्या इम्प्लांटमधलं सिलिकॉन काखेतल्या लसिका ग्रंथींमध्ये जाऊन बसू शकतं आणि इम्प्लांट काढल्यावरही तिथेच राहतं. सोनोग्राफीत ते बर्फाच्या वादळासारखं पांढरं दिसतं, पण बघणाऱ्याला इम्प्लांट होते हेच माहीत नसेल तर तो आपल्याकडे आधी टीबीचाच विचार करणार, त्याची काय चूक. तिला ब्रेस्ट सर्जनकडे पाठवलं, यावेळी सगळं सांगून. सुईने तपासणी झाली, सिलिकॉनचीच गाठ निघाली.

दुसरी भीती लिम्फोमाची, म्हणजे इम्प्लांटमुळे होऊ शकणाऱ्या, लसिका पेशींच्या कॅन्सरची. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सांगण्यावरून ॲलर्गन कंपनीने बायोसेल जातीचे, खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत मागवले ती बातमी तिने वाचलेली. तिचे दुसऱ्या कंपनीचे होते, पण खरखरीतच. हा कॅन्सर स्तनाच्या पेशींचा नसतो, इम्प्लांटभोवती शरीर जी कॅप्सूल तयार करतं तिथे होतो, फार क्वचित. बहुतेक वेळा काही वर्षांनी पाणी साठून एक बाजू सुजते, आणि ते पाणी सीडी३० साठी, म्हणजे या कॅन्सरच्या पेशींवर दिसणाऱ्या एका खुणेसाठी, तपासतात. साध्या रक्ततपासणीत तो सापडत नाही, म्हणजे तिच्या त्या जाडजूड फाईलमध्ये याचं उत्तर नव्हतंच.

मी विचारलं, कॅप्सूल काढली होती का, तपासायला पाठवली होती का? माहीतच नाही म्हणाली. डिस्चार्ज कार्डावर मात्र पाठवल्याचं लिहिलेलं. रिपोर्ट दहा महिने हॉस्पिटलमध्ये पडून होता, कुणी फोन करून बोलावलं नाही आणि हिने मागितला नाही. आणला. जुनी सूज, सिलिकॉनभोवतीच्या पेशी, कॅन्सर नाही. तीन वेळा मोठ्याने वाचला तिने, मग मला वाचायला लावला.

थकवा, सांधे दुखणं, विसरायला होणं हे राहिलंच होतं. इम्प्लांटवाल्या बऱ्याच बायका हे सांगतात, पक्कं निदान करणारी टेस्ट नाही, काढल्यावर पुष्कळजणींना बरं वाटतं, सगळ्यांना नाही. ते मनाचे खेळ आहेत असं मी कुणालाही म्हणत नाही. आम्ही झोपेवर काम केलं, आणि काख महिन्यातून एकदाच, पाळी संपल्यावर, आंघोळीच्या वेळी बघायची असं ठरवलं. पहिले दोन आठवडे ती रडकुंडीला आली होती.

सर्जनने तिला सांगितलं ते असं, की काढल्यावर लिम्फोमाचा धोका खूप कमी होतो पण अगदी शून्य म्हणता येत नाही, म्हणून नवी सूज, गाठ, लाली दिसली की लगेच यायचं. मॅमोग्राफी वयाप्रमाणे इतर बायकांसारखीच, फक्त जुन्या ऑपरेशनचे व्रण आणि कॅल्शियमचे ठिपके फिल्मवर दिसू शकतात, तेव्हा आधी सांगायचं. इम्प्लांटचं कार्ड फेकायचं नाही. ते हिने कपाटात पैठणीच्या घडीत लपवलेलं, आता फाईलमध्ये पहिल्या पानावर आहे.

परवा मॅमोग्राफी सेंटरमधून तिचा फोन आला. "मॅडम, फॉर्मवर लिहिलं. बसवल्याचं वर्ष, काढल्याचं वर्ष, सगळं." सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, ते तिचं ती बघेल. त्या दिवशी एकटी गेली होती.