एकट्याने हॉबी १४ चालवून दोन माणसांच्या हॉबी १६ ला शर्यतीत हरवता येते का?

अमेरिकेतल्या तलावांवर सर्व वर्गांच्या कॅटमरान (दोन समांतर सांगाड्यांच्या शिडाच्या नौका) एकत्र सोडल्या जातात, तेव्हा एकट्याने छोटी हॉबी १४ घेऊन दोन माणसांच्या हॉबी १६ सारख्यांविरुद्ध उतरण्यात अर्थ आहे का, आणि वारा बदलला की निकालाचे काय होते, असे आपण विचारले आहे. मी अशा शर्यतींत हॉबी १४ चालवतो. अर्थ नक्कीच आहे, मात्र वारा किती आहे यापेक्षा तो केव्हा बदलतो याकडे अधिक लक्ष ठेवावे लागते.

वेगवेगळ्या वेगाच्या नौकांची तुलना करणाऱ्या पोर्ट्समाउथ सवलत पद्धतीत प्रत्येक वर्गाला एक अंक असतो आणि लागलेल्या वेळेला त्या अंकाने भागून शंभराने गुणले की सुधारित वेळ मिळते; ती सर्वांत कमी असेल तो जिंकतो. हॉबी १६ चा अंक ७६ आणि हॉबी १४ चा ८६ धरला, तर हॉबी १६ वाले ५७ मिनिटांत पोहोचल्यास आपण साडेचौसष्ट मिनिटांत पोहोचून बरोबरी साधतो. अमेरिकी पद्धतीत बोफर्ट (वाऱ्याच्या जोराची मोजपट्टी) ०-१, २-३, ४ आणि ५ व त्यापुढे असे वाऱ्याचे गट करून त्यांचे वेगळे अंकही दिलेले आहेत, परंतु शर्यतीच्या मध्येच वारा एका गटातून दुसऱ्यात गेला तर त्याचा हिशोब कोणताही अंक करत नाही.

खरी मेख इथे आहे. ए-क्लास ही एकट्याने चालवायची वेगवान कॅटमरान अवघ्या ७५ किलोची, शीड सुमारे १४ चौरस मीटरचे. ती आपल्या कितीतरी आधी शर्यत संपवते. त्यानंतर वारा पडला, तर शेवटच्या टप्प्यावर रखडतो तो आपणच, आणि उशिरा वाढला तर फायदाही आपलाच. म्हणून दुपारी वारा चढण्याची चिन्हे असतील, तर मी सुरुवातीला पुढे असलेल्यांची चिंता करत नाही.

मंद वाऱ्यात हॉबी १४ वर काही उपकार होत नाहीत. साधारण ११० किलोची नौका, ७५ किलोचा चालक आणि जेमतेम ११ चौरस मीटर शीड, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १७ किलो भार. हॉबी १६ वर दोन माणसे धरूनही तो १४ च्या आसपास येतो. त्यातच पुढचे शीड नसल्याने टॅक करताना (नाक वाऱ्यातून वळवून दिशा बदलताना) नाक वाऱ्यात अडकते. तसे झाल्यास बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) बाहेर ढकलून नौका मागे जाऊ द्यावी आणि मागे जाताना सुकाणू उलटे वागते हे लक्षात ठेवावे. वाऱ्याविरुद्धच्या टप्प्यात त्यामुळे मी टॅक शक्य तितके कमी ठेवतो आणि मोठ्या नौकांच्या सावलीबाहेरची मोकळी हवा मिळवण्यासाठी थोडा लांबचा मार्गही पत्करतो.

जोराच्या वाऱ्यात डाउनहॉल (शीड खाली ताणणारा दोर) घट्ट ओढून शीड सपाट करावे आणि ट्रॅव्हलर (शिडाचा दोर आडवा सरकवणारी गाडी) बाहेर सोडावा. वाऱ्यासोबत जाताना मागे सरकून बसावे, कारण पुढची टोके पाण्यात घुसली की नौका उलटते आणि ती एकट्याने उभी करण्यात जाणारी मिनिटे सवलतीतूनच वजा होतात. उलटलेली नौका उभी करायला आपले वजन फारच कमी असेल, तर अशा दिवशी उतरण्याआधी मदतीची बोट हाकेच्या अंतरावर आहे ना, हे आयोजकांना विचारून घ्यावे.