नेहमी / कधी कधी / कधीच नाही

प्रिय,

तुझ्या थिसिसचे तक्ते काल रात्री वाचले. 'नेहमी मास्क लावणाऱ्यांत कोरोना जास्त' असं उत्तर आलंय म्हणून गाईडना दाखवायला कचरतेयस ना? दाखव. तो आकडा मास्कबद्दल फार थोडं सांगतो. टेस्ट कोण करून घेत होतं, ते मात्र स्वच्छ सांगतो.

2020 चे दिवस आठव. घसा जरा खवखवला की स्वॅब द्यायला धावणारा माणूस मास्कही लावायचा. दुसरा ताप अंगावर काढत, काढा पीत घरात बसायचा. पॉझिटिव्ह निघालो तर क्वारंटाइन आणि रोजंदारी बुडाली, ही धास्ती. तुझ्या फाइलीत पहिला बाधित, दुसरा निरोगी.

आणि 'नेहमी' सांगणारे तरी किती खरे? मुंबईत विनामास्क सापडलं की 200 रुपयांची पावती फाटायची. अनोळखी नंबरवरून फोन आल्यावर 'नाही लावत' कोण म्हणेल? आम्ही पीएसएमवाले, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य शिकलेले डॉक्टर, हे हात धुण्यावरून शिकलो. इंटर्न असताना मी घरोघर विचारायचे, सगळीकडून 'हो मॅडम, साबणानेच'. एका घरी मोरीवर साबणच नव्हता. तेव्हापासून मी आधी मोरी बघते. (माझी कुणी बघू नये.)

बांगलादेशातल्या 600 गावांच्या मास्कच्या प्रयोगात म्हणूनच लोकांना विचारण्यावर भिस्त ठेवली नाही. मशिदीत, बाजारात माणसं उभी करून मोजलं. मास्क वाटलेल्या गावांत नीट लावणारे सुमारे 42 टक्के निघाले, इतर गावांत 13. पण रक्त घेतलं ते फक्त लक्षणं सांगणाऱ्यांचं, तेही त्यांनी होकार दिला तर. लक्षणांशिवाय झालेला संसर्ग तिथेही निसटलाच.

बरं, रक्त तरी खरं बोलतं का? डेन्मार्कच्या प्रयोगात मास्कच्या गटात 1.8 टक्के बाधित, दुसऱ्यात 2.1, आणि बहुतेकांचं निदान अँटिबॉडीवरून, म्हणजे संसर्गानंतर रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांवरून. हिशेब करून बघ: हजारात 20 जण खरे बाधित आहेत आणि टेस्ट निरोगी माणसाला शंभरात एकदा चुकून पॉझिटिव्ह म्हणते, तर जवळजवळ 10 खोटे त्यांत मिसळतात. मग दोन गटांतला 0.3 चा फरक शोधायचा कुठे?

आपल्या मुंबईतही तेच. जुलै 2020 मध्ये तीन वॉर्डांत झोपडपट्टीतल्या 57 टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या, ऑगस्टच्या फेरीत 45 टक्के. झालेला संसर्ग काही परत जात नाही. अँटिबॉडी ओसरतात, आणि दुसऱ्या फेरीत माणसंही दुसरी असतात.

आता काम. जुन्या फॉर्ममध्ये 'टेस्ट का केली?' हा रकाना आहे का, शोध. ऑपरेशनला किंवा बाळंतपणाला दाखल होताना बऱ्याच ठिकाणी सरसकट टेस्ट व्हायची. तिथे काळजी घेणारा आणि बेफिकीर, दोघांचंही नाक सारखंच. तेवढेच लोक वेगळे काढून तक्ता पुन्हा कर. संख्या अगदी लहान होईल, होऊ दे. रविवारपर्यंत पाठव, मी घरीच आहे.

तुझ्या मॅडम