जुनी डिझेल पिकअप घेऊन मे महिन्यात अमरावती जिल्ह्यातून जोधपूरला जायचं आहे, निघण्याआधी गाडीत काय काय करून घ्यावं?

दादा, इंजिन ऑइल, लाइट, वायपर हे तुम्ही पाहालच, पिकअप चालवणाऱ्या माणसाला ते सांगायची गरज नाही. तुमच्या प्रश्नाखाली तुम्ही जे एक वाक्य लिहिलं ना, की रेडिएटरमध्ये घरच्या बोअरचं पाणी टाकतो आणि आजपर्यंत काही प्रॉब्लेम आला नाही, त्याच्यासाठी मी हे लिहून राहिलो. आजपर्यंत आला नाही कारण आजपर्यंत गाडी गाव ते तालुका, तालुका ते मार्केट यार्ड एवढीच चालली असेल. पंचवीस-तीस किलोमीटर जायचं, माल उतरवायचा, चहा प्यायचा, तेवढ्यात गाडी थंड. अर्धा चोक झालेला रेडिएटरही एवढं काम करून देते. जोधपूरला जाताना तो तुम्हाला चहा प्यायला वेळ देणार नाही.

तालुका तुम्ही लिहिला नाही, पण दर्यापूर, भातकुलीच्या बाजूचे असाल तं विषयच संपला. पूर्णेच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला, बुलडाण्याचा तो सारा खारपाणपट्टा. जे पाणी पिकाला दिलं तं जमीन चोपण होते, जे आपण स्वतः पीत नाही, कॅन मागवतो, ते इंजिनात काहून ओतायचं? आंघोळीचं पाणी तापवायच्या गंजाला आतून जो पांढरा थर येतो तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसते, आणि त्या नळ्या चपट्या, आगपेटीची काडी जाईल न जाईल एवढ्याच. वरून लोखंडाला तांबेरा चढते तो वेगळा.

आता मी एवढ्या तावातावानं काहून सांगतो, तं आमचे मोठे भाऊजी. दर्यापूरकडचे. माणूस दिलदार, अर्ध्या रात्री मदतीला येईल, पण शेवटी जवाई. जवायाला तोंडावर काही म्हणता येत नाही आणि जवाई कोणाचं ऐकतही नाही. त्यांच्याकडे जुनी पिकअप होती, पितळी रेडिएटरवाली. भाच्याचं कपड्याचं दुकान, लग्नसराईच्या तोंडावर सुरतहून साड्यांचे गठ्ठे आणायचे होते, ट्रान्सपोर्टवाला तारीख देईना, म्हणून ठरलं की आपलीच गाडी न्यायची आणि घाटात चालवायला मला घ्यायचं. गाडी मी आदल्या दिवशी स्वतः पाहिली. डिझेल फिल्टर बदलवला, मागचा एक पाटा (स्प्रिंगची पट्टी) तडकलेला निघाला तो टाकून घेतला, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस मारलं, ब्रेक ऑइल काळंभोर झालं होतं ते काढून नवीन भरलं. मंग रेडिएटरची कॅप उघडली. आत तांबडं गढूळ पाणी, आणि कॅपच्या खालच्या रबराला पांढरी खपली, नखानं खरवडली तं कपची होऊन निघाली. मी म्हटलं, भाऊजी, हे फ्लश करू, म्हणजे आतून धुऊन काढू, कूलंट टाकू, उद्याच्या ऐवजी परवा निघू. तं म्हणे, "काहीच नाई होत बाप्पा. आमच्या बुढ्यानं जिंदगीभर ट्रॅक्टरात हिरीचंच पानी टाकलं. कूलंट थंड्या मुलकासाठी अस्ते, बर्फ पडते तिथं." झालं. एक शब्द बोलायची सोय नाही, ताई बाजूलाच उभी.

जाताना काहीच झालं नाही. मूर्तिजापूर, अकोला, खामगाव, जळगाव, धुळे, सपाट रस्ता, रिकामी गाडी, काटा मधोमध. साक्रीच्या पुढं कोंडाईबारीचा घाट लागते, पण सुरतेकडे जाताना तो उतरायचा असते. भाऊजी माझ्याकडे पाहत होते, पाह्यलं? म्हणून. मी गप्प.

येताना तोच घाट चढायचा. सुरतेत भाऊजींनी ठरल्यापेक्षा जास्त गठ्ठे चढवले, पासिंगच्या वर (ई-वे बिल तेवढं मी बनवून घेतलं, पन्नास हजारांच्या वरचा माल राज्याबाहेर न्यायचा तं ते लागतेच), आणि निघालो तेव्हा ऊन डोक्यावर. नवापूर गेलं, विसरवाडी गेलं, चढ सुरू झाला तसा काटा हलायला लागला. मी दुसऱ्या गिअरात टाकली. भाऊजी म्हणे, तिसऱ्यात घे, रेस कमी कर, इंजिन बोंबलून राह्यलं. मी नाही घेतली. काटा लालजवळ गेला तशी गाडी बाजूला लावली, थोडा वेळ स्लोवर चालू ठेवली की पंखा आणि पंप फिरत राहावा, पण ओव्हरफ्लोच्या पाइपातून उकळतं पाणी फेकायला लागली, मंग बंदच केली. केबिनात हिटर असता तं तो फुल सोडला असता, इंजिनाची थोडी गरमी तिकडून निघते, पण त्या गाडीत हिटर नव्हताच.

इथं भाऊजी खाली उतरले, हाताला दुपट्टा गुंडाळला आणि कॅप उघडायला निघाले. मी आयुष्यात पहिल्यांदा जवायाचा हात धरला. दादा, बाकी सारं विसरा पण हे विसरू नका, साधं पाणी उघड्यावर शंभर डिग्रीला उकळते, पण कॅपनं दाब धरला की एकशेवीसच्या आसपास जाऊनही उकळत नाही, आणि तुम्ही कॅप फिरवली की तो दाब एका क्षणात सुटते, पाणी जाग्यावर उसळून वाफेसोबत तोंडावर येते. दुपट्टा काय करणार त्याला. वरून थंडं पाणीही मारू नका, हेडला तडा जाते. भाऊजी रुसून दगडावर जाऊन बसले, खर्रा काढला, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रकवाल्यांना सांगत बसले की साळ्यानं गाडी तापवली.

गाडी निवल्यावर बिसलरीच्या बाटल्या ओतल्या, थांबत थांबत घाट चढवला आणि साक्रीत रेडिएटरवाल्याकडे गेलो. त्यानं रेडिएटर उतरवला, वरच्या टाकीचा झाळ गॅसनं सोडवला, टाकी अलग केली आणि भाऊजींना म्हणाला, काका, पाहा. नळ्यांची तोंडं दिसत होती, ओळीनं. अर्ध्याच्या वर नळ्या पांढऱ्या, खडू भरल्यासारख्या बंद. त्यानं चपटी पट्टी एका नळीत घातली, ठोकत ठोकत खाली नेली, तं खालून बारीक कपच्या आणि तांबडा गाळ पडला. अशा एकेक करून साऱ्या. त्याला रॉडिंग म्हणतात. भाऊजी सारं पाहत होते. शेवटी काय म्हणाले? "मालच हलका येते आजकाल."

आणि आता जिथं चार पाहुणे जमतात, लग्न असो की तेरवी, तिथं हा माणूस सांगते की साळ्यानं दुसऱ्या गिअरात रेस देऊ देऊ गाडी उकळवली. म्हणून इथं एकदाच लिहून ठेवतो. जुन्या गाडीत पाण्याचा पंप आणि पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरते. चढावर मोठ्या गिअरात कमी आरपीएमवर गाडी कण्हत नेली तं लोड तेवढाच, डिझेल जळते तेवढंच, पण पाणी हळू फिरते आणि पंखा हळू फिरते. लहान गिअरात इंजिनचा आवाज जास्त येते पण तेच त्याच्यासाठी बरं असते. रेसनं आवाज होते, नळ्या बंद होत नाहीत. नळ्या बोअरच्या पाण्यानं बंद होतात.

भाऊजींची एक गोष्ट खरी आहे, तीही सांगतो. उष्णता वाहून न्यायला नुसतं शुद्ध पाणी कूलंटपेक्षा सरसच आहे. पण शुद्ध म्हणजे डिस्टिल्ड, बोअरचं नाही. आणि कूलंटचं काम फक्त बर्फासाठी नाही, त्यात गंज रोखायचं औषध असते, पंपाचं सील टिकते, आणि उकळायची हद्द वर जाते. तं तुम्ही असं करा, आधी फ्लश, साफ पाणी येईपर्यंत, मंग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं (रेडीमिक्स डबा असेल तं त्यात पाणी घालायचं नाही). कॅप नवीन घ्या, स्वस्तात येते, तिचा रबर गेला की बाकी सारं नवीन असूनही गाडी उकळते. वरचा-खालचा होज दाबून पाहा, मऊ पडला किंवा भेगा दिसल्या तं बदलवा. रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीत कापसाचे फुणगे आणि तुरीचा भुसा अडकला असेल, पाण्यानं हलक्या हातानं धुवा, प्रेशर गन जवळून मारली तं जाळी वाकते. आणि कोणी मिस्त्री म्हणाला की उन्हाळ्यात थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा वॉल्व) काढून टाकू, तं त्या मिस्त्रीकडे परत जाऊ नका.

बाकी पटकन. डिझेल फिल्टर बदलवा आणि एक जादा सोबत ठेवा, अनोळखी पंपाचं डिझेल कसं निघेल सांगता येत नाही; फिल्टरात पाणी दिसलं तं खालचा स्क्रू ढिला करून काढायचं आणि डिझेल लाइनच्या हातपंपानं एअर काढायची, हे निघण्याआधी घरीच एकदा करून पाहा. टायरवर चार आकडी नंबर असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, तो स्टेपनीवरही वाचा, नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होते. आपल्याकडे मे महिन्यात हवा कमी ठेवायची फॅशन आहे, चुकीची आहे, कमी हवेचा टायर जास्त दबते, जास्त तापते आणि तोच फुटते. लोडप्रमाणे कंपनीनं सांगितली तेवढी भरा, सकाळी टायर थंड असताना. स्टेपनी खाली उतरवून पाहा, तिची चेन गंजून जाम असते आणि ते रात्री दोन वाजता कळते. पाटे, यू-बोल्ट, क्रॉस, व्हील बेअरिंग, पट्टा. एक जादा पट्टा सीटखाली. बुऱ्हाणपूर-खंडव्यावरून जाल तं इंदूरच्या अलीकडे भेरूघाट लागते, जाताना तो चढायचा असते, परत येताना उतरताना न्यूट्रल करू नका, डिझेल वाचत नाही, ब्रेक मात्र जातात. पहाटे निघा, दुपारी बारा ते चार गाडी सावलीत.

जुनी म्हणजे किती जुनी ते तुम्ही लिहिलं नाही, एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ असेल तं मी वर सांगितलेलं अर्धं घरी करू नका, सर्व्हिस सेंटरला न्या, आणि डीईएफची (धूर साफ करायच्या युरियाच्या पाण्याची) वेगळी टाकी असेल तं ती भरून घ्या. अॅल्युमिनियमच्या रेडिएटरला पितळीसारखं रॉडिंग जमत नाही, चोक झाला तं बहुतेक नवीनच टाकावा लागते. फार जुनी खपली असलेल्या गाडीत निघायच्या आदल्या दिवशी फ्लश करू नका, सुटलेली खपली दुसरीकडे अडकते किंवा खपलीनंच झाकलेलं लीकेज उघडं पडते, पंधरा दिवस आधी करा आणि जवळपास चालवून पाहा. आरसीवर जीव्हीडब्ल्यू (मालासकट गाडीचं एकूण वजन) तीन हजार किलोच्या वर असेल तं परमिट राजस्थानपर्यंत चालते का ते पाहा, आणि मागं डाल्यात माणसं बसवून नेणार असाल तं नका नेऊ, मालवाहूचा विमा त्यांना लागू होत नाही. काढलेलं जुनं कूलंट अंगणात किंवा नालीत ओतू नका, ते गोड लागते आणि विषारी असते, ढोरं-कुत्रे चाटतात. बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.