डिक्शनरीच्या आत डिक्शनरी आहे आणि तू एकात एक दोन लूप लावलेस, तर आतल्या लूपमध्ये एकेक अक्षर का येतंय?

पायथनमध्ये डिक्शनरी म्हणजे जोड्या: ‘की’ (key) म्हणजे नाव आणि ‘व्हॅल्यू’ म्हणजे त्या नावाखालची माहिती. तिच्यावर थेट फॉर लूप लावलास तर हातात फक्त की येते, व्हॅल्यू नाही. तुझी की स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) आहे आणि स्ट्रिंगवरही लूप चालतो, म्हणून एरर न येता अक्षरं सुटी होतायत. बाहेरच्या लूपमध्ये डिक्शनरीला आयटम्स मेथड, म्हणजे items(), लाव; मग की आणि व्हॅल्यू दोन्ही मिळतात, आतला लूप व्हॅल्यूवर चालव. प्रत्येक पातळीवर आधी टाइप प्रिंट करून बघ, अंदाजाने लूप लिहू नकोस.

किती पातळ्या आहेत ते ठरलेलं नसेल तर रिकर्शनच (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा कॉल करणं) बरं: डिक्शनरी किंवा लिस्ट असेल तरच आत शिरायचं. स्ट्रिंगमध्ये अजिबात नाही! एका अक्षराच्या स्ट्रिंगमधून तेच अक्षर पुन्हा मिळतं आणि फंक्शन साधारण १००० कॉल्सच्या डीफॉल्ट मर्यादेला धडकतं. लूप चालू असताना की डिलीट करायच्या असतील तर आधी कींची वेगळी लिस्ट करून तिच्यावर फिर.