आधी कसले फोटो, मग लेन्स

प्रश्न : माझा मुलगा भुसावळला एस.वाय.बी.एस्सी.ला आहे. मामाने दिलेल्या जुन्या निकॉन डी५३०० कॅमेऱ्यावर तो पक्ष्यांचे आणि नातेवाइकांच्या लग्नांतले फोटो काढतो. आता ७०-२०० लेन्स (लांबचं जवळ दिसणारी) आणि फोटोशॉपसाठी दीड लाख रुपये मागतो आहे. कॉलेज सोडून हेच करीन म्हणतो. यंदा केळीला बरा भाव मिळाला म्हणून त्याचे वडील पैसे द्यायला तयार आहेत. मला मात्र धास्ती वाटते. यात पोट भरतं का?
– एक आई, रावेर तालुका

ताई, पैसे द्यायचे की नाही ते नंतर ठरवू. आधी चिरंजीवांना एवढंच विचारा, की ७०-२०० घेऊन फोटो कसले काढणार? हतनूर धरणाच्या बॅकवॉटरचे पक्षी म्हणाला, तर ही लेन्स त्या कामाची नाही. त्याच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, लहान असल्यामुळे २०० मिलिमीटरला ३००सारखी चौकट मिळते हे खरं, पण पाण्यात लांब बसलेलं बदक तरीही ठिपक्याएवढंच येणार. पक्षी टिपणारी मंडळी ४००-६०० मिलिमीटर वापरतात. लग्नं म्हणाला, तर ७०-२०० एफ २.८ खरोखर उपयोगाची आहे (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड आत जास्त). पण ती लागते हंगामात मोजके दिवस आणि पुण्या-नाशकात भाड्याने मिळते. मागणी ऐकून मला शंका येते की लेन्स आधी आवडली आणि कारण मागून शोधलं.

पुढचा मजकूर त्यालाच वाचायला द्या. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ त्याच्याकडे असेल. ती ५५ला एफ ५.६पर्यंतच उघडते. एफ १.८ची लेन्स तिच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते. हळदीच्या रात्री अंगणात एकुलता एक एलईडी लावलेला असतो, तिथे फोटो हललेला येतो की स्वच्छ, हे यावर ठरतं. ‘५० मिलिमीटर घे’ असं त्याला सगळेच सांगतील. मी सांगणार नाही. या कॅमेऱ्यावर ५०ची लेन्स ७५सारखी वागते. घरातल्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी नवरी कमरेपर्यंतच मावते. ३५ मिलिमीटर एफ १.८ डीएक्स (लहान सेन्सरच्या निकॉनसाठीची) घ्यावी, तीही जुनी चालेल. मात्र जुन्या बाजारात ‘एएफ-डी’ लिहिलेल्या लेन्सा स्वस्त दिसतात, त्यांना भुलू नये. डी५३००मध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे त्यांचा ऑटोफोकस चालणार नाही. ‘एएफ-एस’ लिहिलेलं बघून घ्यावं. मोबाइलचा टॉर्च मारून काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना, हेही पाहावं. (आणि मे महिन्यात कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही. आपल्याकडचं ऊन ठाऊकच आहे.)

सॉफ्टवेअरसाठी आज एक रुपयाही देऊ नका. फोटोशॉप आणि लाइटरूम भाडेतत्त्वावर मिळतात, एकरकमी विकत घ्यायचे नाहीत. डार्कटेबल आणि गिम्प ही एडिटिंगची सॉफ्टवेअरं मोफत आहेत, शिकण्यापुरते भरपूर आहेत. क्रॅक केलेलं फोटोशॉप मित्राच्या पेनड्राइव्हवरून आलं असेल, तर ते आजच काढून टाकायला सांगा. सोबत व्हायरस येतो आणि धंद्यात उतरल्यावर अंगाशी येतं.

मुलं एडिटिंग म्हणजे आभाळ बदलणं समजतात. पैसे वेगळ्याच गोष्टीचे मिळतात. हळद लागलेला चेहरा, वर पिवळा बल्ब, बाजूला जांभळी लाइटिंग अशा फोटोत कातडीचा रंग माणसासारखा आणणं, हे खरं काम. जेपेग या नेहमीच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाला २५६च पायऱ्या असतात, हळदीतला लाल उडाला की परत आणायला फारसं काही उरत नाही. त्याच्या कॅमेऱ्यात १४ बिट रॉची, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलची, सोय आहे, तिथे १६,३८४ पायऱ्या मिळतात. म्हणून रॉमध्येच काढावं, थोडं अंडर (जरा काळपट) ठेवावं आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, घरी जुळवावा. दुसरं, दोन हजार फोटोंतून चारशे निवडता येणं. तिसरं, लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट केलं की करिझ्मा अल्बम (लग्नाच्या फोटोंचं छापील पुस्तक) काळपट छापून येतो आणि नवरीचे वडील उरलेले पैसे अडवतात. ब्राइटनेस निम्म्यावर आणून, एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत फाइल काढून, आधी एक-दोन प्रिंट मागवून बघाव्यात.

पोट भरतं का? नुसत्या लग्नांवर ओढाताण होते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागला की चार महिने हात रिकामे. त्या महिन्यांसाठी दुसरं काम लागतंच, आणि ते जळगावात आहे असं मला वाटतं. सराफ बाजारातल्या दुकानांना दागिन्यांचे फोटो सतत लागतात. तिथे टेबल, पांढरा कागद, दोन दिवे आणि जवळचं टिपणारी मॅक्रो लेन्स एवढ्यावर भागतं. सोन्यावर समोरच्याचं प्रतिबिंब पडतं, ते टाळायला उजेड कागदावरून उडवून घ्यावा लागतो. ही कला यायला वेळ लागतो, म्हणूनच तिला दाम आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) त्याला माहीत आहेत का विचारा. आयुष्याचा मोठा काळ या माणसाने घराबाहेर न पडता टेबलावर वस्तू मांडून, उजेड वळवून फोटो केले. त्यांचं राहतं घर आता संग्रहालय आहे. चिरंजीवांना घेऊन एकदा जाऊन या.

कॉलेज सोडण्याला माझा साफ नकार. बी.एस्सी. झाल्यावर गांधीनगरच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत फोटोग्राफी डिझाइनमध्ये एम.डेस. (पदव्युत्तर पदवी) करता येतं, पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत सिनेमॅटोग्राफीसाठी प्रयत्न करता येतो. दोन्हीकडे पदवी लागते. अर्धवट सोडली तर ही दारं बंद, आणि उरलंय तरी किती?

त्याच्या वडिलांना सांगा, सध्या ३५ची लेन्स आणि फोटो ठेवायला एक हार्डडिस्क एवढंच घेऊन द्या, बाकी पैसे बागेतच राहू द्या. येत्या हंगामात त्याने एखाद्या जाणत्या फोटोग्राफरच्या हाताखाली रोजाने जावं. रोज किती, फोटो स्वतःचे म्हणून दाखवता येतील का आणि एडिटिंगचे वेगळे मिळणार का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. नंतर विचारणाऱ्याला ‘पोरा, शिकायला मिळतंय ना’ एवढंच ऐकायला मिळतं.